कूट शब्दकोडे

कूट शब्दकोडे : शब्दकोड्याचा एक प्रकार. साध्या शब्दकोड्यात सूत्र म्हणून उत्तराच्या शब्दाचा अर्थ किंवा पर्यायी शब्द दिलेला असतो; कूट शब्दकोड्यातील सूत्र वरवर एक अर्थ सांगते आणि प्रत्यक्षात दुसराच सुचविते. ह्या प्रकाराची वाढ मुख्यत्वे ग्रेट ब्रिटनमध्ये, १९२० ते १९६० ह्या काळात इंग्रजी वृत्तपत्रांतून झाली.

इतिहास : आधुनिक शब्दकोड्याचा जनक आर्थर विन (१८७१–१९४५) हा मूळचा लिव्हरपूलचा. त्याचे पहिले, हिऱ्याच्या आकाराचे कोडे ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ ह्या वृत्तपत्रात २१ डिसेंबर १९१३ रोजी प्रसिद्ध झाले. त्यातील सूत्रे सरळ अर्थाची होती. १९२४ मध्ये अमेरिकेत शब्दकोड्यांचे पहिले पुस्तक निघाले व त्याच वर्षी हा छंद ब्रिटनमध्ये पोहोचला. तेथे त्यास वेगळे वळण दिले ते एडवर्ड पॉविस मॅदर्स (१८९२–१९३९) ह्या कवी व अनुवादकाने. बिल्हणाच्या ‘चौरपंचाशिके’चे त्याने केलेले इंग्रजी रूपांतर १९१९ मध्ये प्रसिद्ध झाले होते. ‘ऑब्झर्व्हर’ ह्या साप्ताहिकात १९२६ पासून मृत्यूपर्यंत त्याने जी कोडी रचली, त्यांतील सूत्रे पूर्णतः कूट असत. त्यासाठी त्याने ‘टॉर्केमाडा’ हे स्पेनमधील धर्मन्यायालयाच्या क्रूर प्रमुखाचे नाव घेतले. ‘टाइम्स’ दैनिकात १ फेब्रुवारी १९३० पासून शब्दकोडे येऊ लागले. त्याचा पहिला कोडेकार एड्रियन बेल (१९०१–८०) हा शेतकरी व लेखक होता.

दुसऱ्या महायुद्धात ह्या करमणुकीचा संबंध दोनदा गुप्त व्यवहारांशी आला. जानेवारी १९४२ मध्ये ‘डेली टेलिग्राफ’च्या कार्यालयात बारा मिनिटांत कोडे सोडविण्याची स्पर्धा घेण्यात आली. तीत भाग घेतलेल्या काहींना पुढे शत्रूच्या सांकेतिक संदेशांची उकल करणाऱ्या ब्लेचली पार्क येथील केंद्रात कामासाठी बोलावण्यात आले. दुसरा प्रसंग १९४४ चा. नॉर्मंडीवरील स्वारीच्या (६ जून) आधीच्या काही आठवड्यांत त्याच दैनिकातील कोड्यांची उत्तरे म्हणून ‘यूटा’, ‘ओमाहा’, ‘ओव्हरलॉर्ड’, ‘मलबेरी’ व ‘नेपच्यून’ हे शब्द आले. हे सर्व त्या स्वारीतील गुप्त संकेतशब्द होते. कोडेकार लेनर्ड डॉ हा एका शाळेचा मुख्याध्यापक होता. गुप्तहेर खात्याने त्याची कसून चौकशी केली. पण हेरगिरीचा पुरावा मिळाला नाही. आपण हे शब्द सैनिकांकडून ऐकले व मुख्याध्यापकांसाठी कोड्याची जाळी भरताना वापरले, असे त्याच्या एका माजी विद्यार्थ्याने १९८४ मध्ये सांगितले.

सूत्राची रचना : कूट सूत्राचे सामान्यतः दोन भाग असतात. एक भाग उत्तराचा अर्थ देतो व तो सूत्राच्या आरंभी किंवा शेवटी येतो. उरलेला भाग त्याच उत्तराची अक्षरे कशी जुळवावीत हे सांगतो. कंसातील आकडा अक्षरसंख्या दर्शवितो. उत्तराकडे दोन स्वतंत्र वाटा जात असल्याने ते बरोबर आहे की नाही, हे सोडविणाऱ्यास स्वतःच पडताळता येते. अर्थाचा भाग कोठे संपतो व अक्षरांचा कोठे सुरू होतो, हे सापडणे हीच खरी उकल होय. वाक्याचा वरवरचा अर्थ मात्र ह्या सांध्यावरून लक्ष उडवतो.

मुख्य प्रकार मराठी उदाहरणांनी पुढीलप्रमाणे स्पष्ट करता येतील : (१) अक्षरविपर्यास : ‘मोडलेले कलम चिखलात उमलते (३)’. येथे ‘मोडलेले’ ही अक्षरे विस्कटण्याची खूण. ‘कलम’ची अक्षरे फिरवून ‘कमल’ मिळते व ‘चिखलात उमलते’ हा त्याचा अर्थ. (२) उलट क्रम : ‘उलटी फिरलेली नदी गरीब (२)’, उत्तर ‘दीन’. (३) दडलेला शब्द : ‘सरकार वाटते त्यात शिऱ्याचा जिन्नस (२)’. ‘सरकार’चे शेवटचे व ‘वाटते’चे पहिले अक्षर मिळून ‘रवा’ होतो. (४) श्लेष : ‘हात सरकारला द्यावा लागतो (२)’. येथे अक्षरांचा खेळ नसून ‘कर’ ह्या शब्दाचे दोन अर्थ शेजारी ठेवले आहेत. (५) गर्भित रचना : ‘पुरुषाच्या पोटी गांधार, हेच शहर (३)’. ‘नर’ ह्या शब्दात ‘ग’ हा स्वर घातला की ‘नगर’ होते. (६) जोडणी : ‘पहिल्या स्वरापुढे कवठातला मऊ भाग म्हणजे समुद्र (३)’, ‘सा’ आणि ‘गर’ मिळून ‘सागर’.

काही सूत्रांत संपूर्ण वाक्यच एकाच वेळी अर्थ व खेळ असते. इंग्रजीतील एका प्रसिद्ध सूत्रात एचपासून ओपर्यंतची आठ रोमन अक्षरे ओळीने दिली असून उत्तर पाच अक्षरी आहे. ‘एच टू ओ’ असे वाचले की पाण्याचे रासायनिक सूत्र ऐकू येते व ‘वॉटर’ हे उत्तर मिळते. फुलाचा वाचक ‘फ्लॉवर’ हा शब्द ‘वाहणारी’ अशा अर्थी नदीसाठी योजणे, हीदेखील इंग्रजी कोडेकारांची जुनी युक्ती होय.

नियम व वाद : टॉर्केमाडाच्या कोड्यांत सोडविणाऱ्यावर कधी कधी अन्याय होई. ए. एफ्. रिची ह्याने ‘आर्मचेअर क्रॉसवर्ड्स’ (१९४९) ह्या पुस्तकात एक दंडक सांगितला : कोडेकाराने बोललेल्याचा वरवरचा अर्थ खरा असण्याची गरज नाही, परंतु जे अभिप्रेत आहे, ते शब्दशः सूत्रात आलेच पाहिजे. फसविण्यास मुभा, पण खोटे बोलण्यास मनाई, असे त्याचे तात्पर्य. ऑब्झर्व्हरमधील टॉर्केमाडाचा उत्तराधिकारी डी. एस्. मॅकनट (१९०२–७१) ऊर्फ ‘झिमेनीस’ ह्याने १९६६ मध्ये ह्या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहून हे नियम पक्के केले. सूत्रात अचूक अर्थ व प्रामाणिक अक्षररचना असावी आणि ह्या दोहोंखेरीज काहीही असू नये, असे ह्या पंथाचे मत. १९७२ मध्ये त्याच्या जागी आलेल्या जॉनथन क्राउदर ह्याने ‘एझेड’ हे नाव घेतले. देझा ह्या आणखी एका धर्मन्यायाधीशाच्या नावाची रोमन अक्षरे उलटी वाचली असता ते तयार होते. शिवाय त्यात वर्णमालेचे पहिले व शेवटचे अक्षर येते.

सर्वांनाच हे कडक नियम मान्य नव्हते. ‘गार्डियन’चा लोकप्रिय कोडेकार व धर्मोपदेशक जॉन गॅलब्रेथ ग्रॅहम (१९२१–२०१३) ऊर्फ ‘अरौकारिया’ हा कल्पकतेसाठी नियम सैल करी. आपल्याला अन्ननलिकेचा कर्करोग झाल्याचे त्याने गार्डियनच्या वाचकांना जानेवारी २०१३ मध्ये कोड्यातूनच कळविले. रोगाचे नाव, त्याचे स्थान व चाललेले उपचार ही त्या कोड्याची उत्तरे होती. ती वाचकांनी स्वतः एकेक अक्षर भरून शोधली.

भारतीय संदर्भ : कूट शब्दकोडे पाश्चात्त्य असले, तरी त्यातील युक्त्या संस्कृत साहित्यास अपरिचित नाहीत. दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी ‘समागता’ प्रकारात पदांच्या संधीमुळे अर्थ झाकला जातो, तर ‘वंचिता’ प्रकारात शब्दाचा रूढ अर्थ चकवितो. गोष्ठीतील विनोद, गर्दीतील गुप्त मसलत व इतरांना संभ्रमात टाकणे हे प्रहेलिकांचे उपयोग त्याने नोंदविले आहेत. मात्र ह्या परंपरेचा इंग्रजी कोड्यांशी ऐतिहासिक संबंध नाही.

भारतातील इंग्रजी वृत्तपत्रांतून हा प्रकार रुळला. नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख रामदास कटारी हे ‘द हिंदू’साठी कोडी रचणाऱ्या आरंभीच्या भारतीयांपैकी होत. मराठी वृत्तपत्रांतील कोडी मात्र बहुतांशी सरळ अर्थाची असतात. ह्यास लिपीही काही अंशी कारण आहे. मराठी कोड्याच्या एका चौकोनात मात्रेसह पूर्ण अक्षर येते. त्यामुळे काना सुटा मानल्यास ‘नवरा’ व ‘वानर’ हे परस्परांचे विपर्यास ठरतात. पण चौकोनात भरताना ‘रा’चा ‘र’ किंवा ‘व’चा ‘वा’ करता येत नाही. अक्षरविपर्यासाचे क्षेत्र असे आकुंचित होत असले, तरी श्लेष, उलट क्रम व दडलेले शब्द ह्यांस मराठीत भरपूर वाव आहे.