पारसिकच्या जलमय खाणी : नवी मुंबईच्या उभारणीचा एक दुर्लक्षित अवशेष

नवी मुंबईच्या इतिहासलेखनात नियोजन, भूसंपादन व प्रकल्पग्रस्तांचा लढा या विषयांना यथोचित स्थान मिळाले आहे. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी 'मार्ग' नियतकालिकातून खाडीपलीकडील शहराची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जासई परिसरात पाच जण हुतात्मा झाले. मात्र हे शहर ज्या दगडातून उभे राहिले, त्या दगडाचा इतिहास अद्याप विखुरलेलाच आहे.

पारसिकची डोंगररांग दख्खनच्या बेसॉल्टची होय. रस्ते, पूल व इमारतींना लागणारी खडी तुर्भे, नेरूळ, बेलापूर या भागांतील खाणींतून निघाली. सुरुंगाने फोडलेला दगड क्रशरवर भरडला जाई. पिढ्यान्‌पिढ्या दगडकाम करणारा वडार समाज व दुष्काळी भागांतून आलेले मजूर खाणींच्या कडेलाच वस्ती करून राहिले. काही खाणी प्रकल्पग्रस्तांना भाडेपट्ट्याने देण्यात आल्या. ज्यांची शेती व मिठागरे शहरासाठी गेली, त्यांच्यापैकी काहींच्या हाती त्याच शहरासाठी डोंगर फोडण्याचा व्यवसाय आला, ही बाब भूसंपादनाच्या अभ्यासकांनीही गांभीर्याने घ्यावयास हवी.

२७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात पाच हेक्टरांहून लहान गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरणीय मंजुरी अनिवार्य ठरविली. त्यामुळे येथील खाणव्यवसायासमोर नवा पेच उभा राहिला. खोदकाम थांबले की पाण्याचा उपसाही थांबतो. अखंड बेसॉल्टमधून पाणी सहजी झिरपत नसल्याने पावसाळ्यात भरलेला खड्डा तळ्याचे रूप घेतो. नैसर्गिक तळ्यास उतरता काठ असतो. खाणीस मात्र उभा कडा असतो, आणि पावलाखालची पायरी संपताच एकदम खोल पाणी लागते. पोहावयास उतरलेली मुले बुडण्याच्या घटना यामुळेच वारंवार घडल्या आहेत.

हीच रचना पाणबुड्यांस मात्र उपयुक्त ठरते. १९४३ मध्ये कुस्तो व गान्यां यांनी श्वसनयंत्र सिद्ध केल्यानंतर हौशी पाणबुडेगिरी समुद्राबाहेरही पसरली. इंग्लंडमधील लेस्टरशायर परगण्यातील स्टोनी कोव्ह ही खाण १९५८ मध्ये बंद पडली व झऱ्यांच्या पाण्याने भरली. पुढे तेथे उत्तर समुद्रातील तेलक्षेत्रांसाठी पाणबुडे तयार झाले. खोदकामातून उरलेल्या पायऱ्या शिकाऊंसाठी खोलीचे टप्पे ठरल्या. सुमारे दहा मीटर खाली गेल्यावर पाण्याचा दाब हवेच्या दाबाइतका वाढतो, म्हणून असे टप्पे सोयीचे होत. महाराष्ट्रात या विद्येचे केंद्र कोकण किनाऱ्यावर, तारकर्ली येथे विकसित झाले. पावसाळ्यात खवळणारा व गढूळ होणारा समुद्र ही तेथील मोठी मर्यादा आहे.

पारसिकच्या खाणींचा असा वापर व्हावयाचा तर तळातील गाळ, कड्यांची स्थिरता, सुरुंगांनी सैल झालेले दगड व पाण्याची दृश्यता यांची तपासणी अपरिहार्य ठरेल. यांपैकी पहिल्या तीन बाबी जाणणारी माणसे कड्यावरच्या वस्त्यांत भेटू शकतात. त्यांनी कोणत्या वर्षी कोणती पायरी फोडली, सुरुंग कोठे बसविले, पाणी प्रथम कोठून आले, याची मौखिक नोंद ते हयात आहेत तोवरच करता येईल.