खाटेजवळ परतणारी पदवी

रुग्णालयातल्या सिस्टरला आपण सगळे ओळखतो. तिच्या शिक्षणाविषयी मात्र फारच थोडे जाणतो. नर्सिंगमध्ये एम.एस्सी. असते, पीएच.डी.सुद्धा असते, हे ऐकून चांगली शिकलेली माणसेही चकित होतात. दिल्लीत, आज राजकुमारी अमृत कौर यांचे नाव असलेल्या महाविद्यालयात, नर्सिंगची पदवी १९४६पासून आणि पदव्युत्तर अभ्यासक्रम १९५९पासून शिकवला जातो. मुंबईत एसएनडीटीचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ सालचे. म्हणजे विषय नवा नाही. आपले लक्ष उशिरा गेले, इतकेच.

एक विचित्र गोष्ट मात्र आरंभीच सांगायला हवी. आपल्याकडे एम.एस्सी. झालेली परिचारिका बहुधा वर्गात शिकवायला जाते. जितके शिक्षण जास्त, तितकी ती रुग्णाच्या खाटेपासून दूर! या पुस्तकातले बहुतेक लेख या कोड्याभोवती फिरतात.

अमेरिकेत १९६५ साली लॉरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी कोलोरॅडो विद्यापीठात ‘नर्स प्रॅक्टिशनर’ घडवायला घेतले, ते मुलांच्या आरोग्यसेवेसाठी. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी आखलेला दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम याच वाटेने जातो. त्यात बराचसा काळ वॉर्डातच जातो.

तिथे नेमके काय शिकायचे असते? पहाटे तीनची वेळ घ्या. रुग्णाची लघवी तासाला साठ मिलिलिटर होती. ती चाळीसवर आली, आता वीस. रक्तदाब अजून ठीक दिसतो, क्रिएटिनिन वाढायला अवकाश आहे. आकडा तक्त्यात लिहिणे हे काम झाले. पण तीन आकडे एकत्र वाचून कॅथेटर कुठे अडकला तर नाही ना हे पाहणे, रुग्ण तपासणे, ठरलेल्या प्रोटोकॉलच्या चौकटीत उपाय सुरू करणे आणि डॉक्टरांना नेमक्या शब्दांत फोन करणे, हे प्रगत परिचर्येचे शिक्षण. अनुभवी सिस्टरला हे जाणवतेच. अभ्यासाने ते कारणांसह मांडता येते, दुसरीला शिकवता येते.

नेतृत्वावरचे लेख मला याहून अवघड वाटले. ड्युटीचा तक्ता लावणे म्हणजे नेतृत्व, अशी समजूत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. एका सिस्टरकडे किती रुग्ण असावेत, हे बैठकीत पुराव्यानिशी मांडणे ही वेगळीच विद्या आहे.

नव्या वाचकांनी इतिहासापासून सुरुवात करू नये. आधी रुग्णकथा वाचाव्यात. अभ्यासक्रमाचे तक्ते प्राध्यापकांसाठी आहेत. तुम्ही ते खुशाल ओलांडा. आणि जमल्यास ओळखीच्या एखाद्या सिस्टरला विचारा, एम.एस्सी. केल्यावर वॉर्डात तुमच्यासाठी कोणते पद आहे? ती काय सांगते ते ऐकून मग शेवटचे प्रकरण उघडा.