सायकलवाल्याचा सिग्नल

चौकात लाल दिवा लागतो. मोटारी, रिक्षा, फटफट्या थांबतात आणि एखादा सायकलवाला कडेकडेने पुढे निघून जातो. कुणी हटकलंच तर उत्तर ठरलेलं असतं : "सायकलीला कसला आलाय सिग्नल?" पोलीसही बहुधा काणाडोळा करतात. पण सायकलीला सिग्नल लागू आहे, आणि या सिग्नलचं कूळ मोटारीहून जुनं आहे.

१० डिसेंबर १८६८ रोजी लंडनमध्ये पार्लमेंटच्या इमारतीजवळ रस्त्यावरचा पहिला सिग्नल सुरू झाला. तो घडवणारे जे. पी. नाइट हे रेल्वेच्या सिग्नलचं काम करणारे अभियंते होते. दिवसा खांबावरचे हात वर-खाली होत आणि रात्री गॅसवरचे लाल-हिरवे दिवे जळत. हिरव्याचा अर्थ तेव्हा 'सुटा' असा नव्हता. 'जपून जा, पायी चालणाऱ्यांना सांभाळा' असा होता. लाल दाखवायचा तो माणसांना रस्ता ओलांडता यावा एवढ्यापुरताच. म्हणजे हे यंत्र जन्माला आलं ते घोडागाड्यांपासून पायी माणसाला वाचवण्यासाठी. जानेवारी १८६९ मध्ये गॅसचा स्फोट होऊन तिथला पोलीस भाजला आणि पुढे तो खांबच काढून टाकण्यात आला.

सिग्नल परत आला तो विजेवर, अमेरिकेत. १९१४ मध्ये क्लीव्हलँड शहरात लाल-हिरवा, तर १९२० मध्ये डेट्रॉइटमध्ये विल्यम पॉट्स या पोलीस अधिकाऱ्याने केलेला लाल-पिवळा-हिरवा, चारही दिशांचा. तोवर रस्ता मोटारींनी भरला होता. माणसाला वाट मिळावी म्हणून निघालेला दिवा आता मोटारी न अडखळता पुढे सरकाव्यात म्हणून लागू लागला. माझ्या मते सायकलवाल्याची सगळी अडचण या बदलात आहे.

दरम्यान सायकल 'वाहन' ठरली होती. इंग्लंडमध्ये १८८८ च्या कायद्याने तिला घोडागाडीच्या पंगतीला बसवलं. आपल्याकडे १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याने, म्हणजे आजच्या महाराष्ट्र पोलीस कायद्याने, वाहनाच्या व्याख्येत हातगाडी, मोटार आणि विमान यांच्याबरोबर सायकलीचंही नाव घातलं. त्याच कायद्याच्या कलम ३३ ने चालणारे, गाडी हाकणारे, सायकल चालवणारे आणि गुरं घेऊन जाणारे अशा सगळ्यांच्या रहदारीचे नियम करण्याचा अधिकार दिला. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला तो मुंबई राज्याला जोडला गेला आणि त्यानंतर हा कायदा तिथे लागू झाला. सायकलचा बिल्ला नाही, रात्री दिवा नाही, डबलसीट बसलात म्हणून सायकलवाल्याला अडवण्याचे दिवस जुन्या पिढीला आठवत असतील.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मात्र सायकल बाजूला राहिली. त्याची कलमं यंत्रावर चालणाऱ्या वाहनांसाठी आहेत. सिग्नल पाळण्याचं कलम ११९ देखील 'मोटार वाहनाच्या चालका'ला उद्देशून आहे. सिग्नल तोडल्याचं मोटारवाल्याला येणारं चलान सायकलवाल्याला येत नाही ते यामुळे. म्हणून तो मोकळा सुटतो असं नाही. पोलीस कायद्याखालचे नियम त्याला बांधतातच, आणि बेदरकारपणे वाहन हाकण्याचा गुन्हा सायकलीवरूनही घडू शकतो.

बंधन दिलं, पण वेळ दिला नाही. साधा हिशेब करू. तीस मीटर रुंदीचा चौक ताशी ४० किलोमीटरने जाणारी मोटार तीन सेकंदांच्या आत ओलांडते. ताशी १५ किलोमीटरने पायडल मारणाऱ्याला सात सेकंद लागतात. हिरव्याच्या शेवटच्या क्षणी आत शिरलेली मोटार पिवळ्यातच पार होते, तर सायकलवाला मधोमध असताना आडव्या बाजूचा हिरवा लागलेला असतो. लाल असतानाच तो पुढे का सटकतो, याचं एक कारण ही भीती आहे.

इतर देशांनी यावर विचार केला. १९६८ च्या व्हिएन्ना कराराने सायकलचं चित्र असलेला दिवा फक्त सायकलवाल्यांसाठी मानला. अमेरिकेतल्या आयडाहो राज्याने १९८२ मध्ये 'थांबा'च्या पाटीपाशी वाट मोकळी असेल तर सायकल न थांबवता हळू पुढे नेण्याची मुभा दिली. नेदरलँड्समध्ये गाड्या उजव्या बाजूने चालतात. तिथे जिथे पाटी लावली आहे तिथे सायकलवाला लाल असतानाही उजवीकडे वळू शकतो. डेन्मार्कमध्ये वाहतूक ओलांडून वळायचं असेल तर आधी सरळ पलीकडे जाऊन तिथून वळायचं, असा नियम आहे. आपल्याकडे उजवीकडे वळताना हाच मार्ग सर्वांत सुरक्षित : डावी कड धरून सरळ चौक ओलांडा, पलीकडे थांबा, आणि तिथला दिवा हिरवा झाला की निघा.

गावाकडे तीन रंगांचा सिग्नल क्वचितच दिसतो. तिथे महामार्गाच्या फाट्यावर उघडझाप करणारा पिवळा दिवा असतो. त्याचा अर्थ 'वेग कमी करा, जपून जा'. १८६८ चा हिरवा जे सांगत होता, तेच हा सांगतो. सोलापूर–हैदराबाद रस्त्यावरच्या ट्रकवाल्याने तो वाचला, तर शाळेला निघालेली पोर सायकल हातात धरून सुखरूप पलीकडे जाईल.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३८ (१अ) आलं. पायी चालणारे आणि यंत्राविना चालणारी वाहनं यांच्यासाठी नियम करण्याचा अधिकार त्याने राज्यांना दिला. महाराष्ट्राने हे नियम करताना सायकलवाल्यावर नुसता दंड लावू नये. चौक पार करायला त्याला लागणारे ते जास्तीचे चार सेकंद आधी सिग्नलमध्ये घालावेत.