‘रूड’ या शब्दाची कुळकथा

गेल्या सुक्कोथच्या सुट्टीत आमच्या नातीची एक मैत्रीण घरी जेवायला आली होती. मुलगी लंडनहून नुकतीच येथे आलेली, हिब्रू अजून कच्चे. म्हणून त्या दिवशी घरात सारे इंग्रजीतच चालले होते. आमच्या मंडळींचे इंग्रजी मुंबईच्या शाळेतले, आणि पन्नास वर्षे न वापरल्यामुळे गंजलेले. पण पाहुणचारात कसूर होऊ द्यायची नाही, म्हणून त्यांनी मोठ्या मायेने पाहुणीला सांगितले, “सिट. ईट. टेक मोअर.” पाहुणी बसली, जेवली, आणखी घेतलेही. ती गेल्यावर मात्र नात रडवेली होऊन म्हणाली, “आजी, तू तिच्याशी किती रूड बोललीस!”

आजीला शब्द कळला, अपराध कळला नाही. “अगं, मी तिला बस म्हटलं, जेव म्हटलं, आणखी घे म्हटलं. यात वाईट काय बोलले?”

वाचकहो, खरे सांगायचे तर दोघींचेही बरोबर होते. इंग्रजीत ‘प्लीज’ हा शब्द मिठासारखा प्रत्येक वाक्यात लागतो. आपल्या मराठीत त्याच्या जोडीचा शब्द नाही. ‘कृपया’ आपण रेल्वेच्या फलाटावरील पाटीवर वाचतो. पानात वाढताना तो कोणी उच्चारीत नाही. आपली अदब ‘बसा’मधल्या शेवटच्या काण्यात असते, ‘घे ना’मधल्या ‘ना’त असते, ‘बाळा’, ‘ताई’, ‘मामा’ या हाकांत असते. हे बोलणे इंग्रजीत उतरविताना ती सारी अदब वाटेत गळून पडते आणि मागे उरते ती नुसती आज्ञा. आजीने वाढली होती माया. मुलीच्या पानात पडला हुकूम.

भांडण मिटले, पण तो शब्द आमच्या डोक्यातून जाईना. त्याची कुळकथा शोधू लागलो तेव्हा ध्यानात आले, की या लहानशा शब्दाने सातशे वर्षांत पुष्कळ घरे बदलली आहेत, आणि त्याच्या कथेत आपलाही थोडा हिस्सा आहे. ती कथा येथे सांगत आहोत.

‘रूड’चे मूळ लॅटिन भाषेतील ‘रुडिस’ या शब्दात आहे. रुडिस म्हणजे न घडविलेले, कच्चे, ओबडधोबड. ज्या दगडाला अजून टाकी लागली नाही, ज्या लाकडावरून रंधा फिरला नाही, ते रुडिस. काही पंडित त्याचे नाते ‘रुडुस’ या दुसऱ्या लॅटिन शब्दाशीही जोडतात. रुडुस म्हणजे दगडविटांचे तुकडे, रोडा, जो रोमन गवंडी फरशीखाली भरीत असत. मूळ अर्थात माणसाच्या वागणुकीचा संबंध नव्हता. होता तो खरबरीतपणाचा. पुढे हाच शब्द न शिकलेल्या माणसाला लागू झाला, कारण न शिकलेला माणूसही न घडविलेल्या दगडासारखाच, असे रोमन लोकांना वाटले. त्यातूनच ‘एरुडायर’ हे क्रियापद निघाले. त्याचा अर्थ खरबरीतपणातून बाहेर काढणे, म्हणजेच शिकविणे. इंग्रजीत विद्वानाला ‘एरुडाइट’ म्हणतात, तो शब्द तेथलाच. कोणत्याही विद्येच्या पहिल्या धड्यांना ‘रुडिमेंट्स’ म्हणतात, तेही याच घराण्यातले. म्हणजे विद्वान आणि अडाणी हे दोघे शब्दांच्या जगात सख्खे भाऊ आहेत. एकावर टाकी चालली, दुसऱ्यावर नाही, एवढाच काय तो फरक.

तेराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच भाषेच्या मार्गाने हा शब्द इंग्रजीत आला. योगायोग असा, की साधारण त्याच सुमारास, १२९० साली, आपल्याकडे ज्ञानेश्वरांनी गीतेवरील टीका मराठीत पूर्ण केली. त्या काळचे पंडित लोकभाषेला ‘प्राकृत’ म्हणत, आणि आपली ती ‘संस्कृत’. संस्कृत म्हणजे नीट घडविलेली. प्राकृत म्हणजे निसर्गाने दिली तशीच राहिलेली. तिकडचा ‘रूड’ आणि इकडचे ‘प्राकृत’ यांत रक्ताचे नाते नाही, पण विचार एकच आहे.

इंग्रजीत आल्यावर शब्दाचे अर्थ वाढू लागले. खडबडीत पृष्ठभाग रूड, वादळी हवा रूड, अशिक्षित माणूस रूड, आणि रीतभात नसलेला माणूसही रूड. हे सारे अर्थ शतकानुशतके एकाच छपराखाली नांदत होते. कोणता घ्यायचा ते वाक्यावरून ठरे. शेक्सपिअरने १५९५ च्या सुमारास लिहिलेल्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ या नाटकात सुतार, विणकर, कल्हईवाला, शिंपी अशा कारागिरांची एक टोळी आहे. त्यांनाही तेथे हेच विशेषण लावले आहे. ती माणसे उद्धट मुळीच नाहीत. उलट राजापुढे नाटक करताना कोणी घाबरू नये म्हणून बिचारी काळजीत असतात. ती रूड, कारण ती हातांनी काम करणारी, शास्त्र न शिकलेली. १७५१ साली टॉमस ग्रे या कवीने खेड्यातील दफनभूमीवर आपली प्रसिद्ध कविता प्रसिद्ध केली. तीत गावातील मृत पूर्वजांना हेच विशेषण आहे, आणि ते आदराने वापरलेले आहे. साधी, कष्टाळू, अलंकार नसलेली माणसे, असा तेथे अर्थ. चारच वर्षांनी, १७५५ मध्ये, सॅम्युएल जॉन्सनचा मोठा इंग्रजी कोश निघाला. त्यातही असभ्य, अशिक्षित आणि ओबडधोबड हे अर्थ शेजारी शेजारी मांडलेले दिसतात.

आता या शब्दाच्या विरोधी शब्दाकडे पाहू. सभ्य माणसाला इंग्रजीत ‘पोलाइट’ म्हणतात. हा शब्दही लॅटिनच. त्याचा अर्थ घासून गुळगुळीत केलेला. ‘पॉलिश’ हे त्याचे भावंड. म्हणजे रूड आणि पोलाइट हे दोन्ही शब्द पाथरवटाच्या अंगणातून निघाले. तेथे पडून राहिलेला दगड रूड, आणि घासून चकाकविलेला तो पोलाइट.

अठराव्या शतकात या जोडीला एक नवे काम मिळाले, आणि येथून पुढची कथा आपल्याला बोचणारी आहे. स्कॉटलंडमधील विचारवंत मानवजातीचा इतिहास शिडीसारखा मांडू लागले. ॲडम फर्ग्युसन यांनी १७६७ साली समाजाच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला. त्यातील एक संपूर्ण भाग ‘रूड’ राष्ट्रांच्या इतिहासावर आहे. शिकार करणारे, गुरे पाळणारे लोक खालच्या पायरीवर, आणि व्यापार, कायदे व कला असलेली ‘पॉलिश्ड’ राष्ट्रे वरच्या पायरीवर. फर्ग्युसन यांना त्या खालच्या पायरीवरील लोकांच्या शौर्याबद्दल आदर होता, हेही सांगितले पाहिजे. परंतु शिडी एकदा उभी राहिली, की वर चढलेला खालच्याकडे कसा पाहतो हे सर्वांना ठाऊक आहे.

या शिडीचा सर्वांत कठोर उपयोग केला जेम्स मिल यांनी. त्यांचा ब्रिटिश हिंदुस्थानचा इतिहास १८१७ साली तीन खंडांत निघाला. मिल हिंदुस्थानात कधी आले नव्हते, आणि येथली एकही भाषा त्यांना येत नव्हती. प्रस्तावनेत त्यांनी ही उणीव लपविली नाही. उलट दूर बसून लिहिणाऱ्याला निर्णय अधिक चांगला करता येतो, असा युक्तिवाद केला. त्या ग्रंथात त्यांनी हिंदू समाजाला, त्याच्या कायद्यांना आणि कलांना ‘रूड’ अवस्थेत बसविले. पुढे कंपनीच्या नोकरीसाठी हिंदुस्थानात जाणाऱ्या तरुणांच्या शिक्षणात हा ग्रंथ वर्षानुवर्षे होता. अजून बोटीवर पाय ठेवला नाही, तोच त्या तरुणांच्या मनात एका अख्ख्या देशावर चिठ्ठी डकवलेली असे. दगडासाठी निघालेला शब्द आता कोट्यवधी माणसांच्या कपाळी बसला होता.

गंमत अशी, की त्याच शतकात हा शब्द एका ग्रंथात आपल्या मूळ दगडाकडे परतलाही. जेम्स फर्ग्युसन हे कलकत्त्याला निळीच्या व्यापारात असलेले गृहस्थ पुढे हिंदुस्थानी वास्तुकलेचे अभ्यासक झाले. १८४५ साली त्यांनी येथील कोरीव लेण्यांवर पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच लेखकाचा १८७२ चा ग्रंथ आहे ‘रूड स्टोन मॉन्युमेंट्स’, म्हणजे अनघड शिळांची स्मारके. देशोदेशी उभ्या केलेल्या मोठमोठ्या शिळा आणि शिळांचे घरासारखे रचलेले थडगे हा त्याचा विषय. त्यांनी यांपैकी बहुतेक शिळांचा काळ रोमन सत्तेनंतरचा धरला. तो चुकीचा ठरला, त्या हजारो वर्षे अधिक जुन्या निघाल्या. पण शीर्षकातील शब्द बरोबर होता. तेथे रूड म्हणजे टाकी न लागलेला, एवढेच, निंदा नाही.

टाकी न लागलेल्या दगडाची गोष्ट निघाली की आपल्याला, तोरा ऐकत वाढलेल्या लोकांना, दुसरेच काही आठवते. यिथ्रोच्या पाराशात दहा आज्ञांनंतर लगेच वेदीचा नियम आहे. दगडांची वेदी बांधायची तर ते दगड घडविलेले नसावेत. त्यांवर हत्यार चालले की ते अपवित्र झाले. ‘मिश्ना’मधील आपल्या ज्ञानी लोकांनी त्याचे कारण दिले, की लोखंड माणसाचे आयुष्य तोडते आणि वेदी तर आयुष्य वाढविण्यासाठी आहे; तेव्हा तोडणाऱ्याला जोडणाऱ्यावर उगारू नये. रोमन माणसाला जो दगड अपुरा वाटला, तोच सीनाय पर्वताच्या पायथ्याशी पूर्ण ठरला.

पण आपल्या हिब्रूनेही हीच वाट धरली आहे, हे कबूल केले पाहिजे. ‘बूर’ म्हणजे नांगर न लागलेली जमीन, पडीक शेत. तोच शब्द अडाणी माणसाला लागला. हिल्लेल यांच्या ‘पिर्के आवोथ’मधील वचनात तो आहे. इंग्रजीत गावंढळ माणसाला ‘बूर’च म्हणतात. उच्चार जवळजवळ एक, पण नाते मुळीच नाही. इंग्रजी शब्द शेतकरी या अर्थाच्या डच शब्दाच्या घराण्यातला आहे. दुसरा शब्द ‘गस’. आज येथे रस्त्यावर, बसमध्ये कोणी असभ्यपणे वागला की त्याला गस म्हणतात. मिश्नामध्ये मात्र ‘बेहेमा गसा’ म्हणजे गाईबैलांसारखी मोठी जनावरे. गस म्हणजे मोठा, जाड. जाडपणातून असभ्यपणा निघाला, जसा तिकडे खरबरीतपणातून निघाला.

आणि मराठीचे काय? ‘ग्राम’पासून ‘ग्राम्य’ निघाला, आणि साहित्यशास्त्रात ग्राम्यता हा दोष ठरला. ‘नगर’पासून ‘नागर’ झाला, तो सुसंस्कृत ठरला. गावात राहणारा ‘गावंढळ’ झाला. मात्र मराठीने एक चांगली गोष्ट केली. तिने ‘राकट’ आणि ‘रांगडा’ हे शब्द जपून ठेवले. ‘रांगडा गडी आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यात टोचणीपेक्षा कौतुकच जास्त असते. इंग्रजीत तशी जागा आता फार थोडी उरली आहे. ठणठणीत प्रकृतीला ब्रिटनमध्ये अजून ‘रूड हेल्थ’ म्हणतात, तेवढ्यात त्या जुन्या जोमाचा श्वास शिल्लक आहे. बाकी विसाव्या शतकात शब्दाचे सारे अर्थ आटत गेले आणि उरला प्रामुख्याने एकच: दुसऱ्याचे मन दुखवील असे वागणे, किंवा अश्लील बोलणे. अशिक्षित माणसाला आता कोणी सहसा रूड म्हणत नाही. आता शिकलेला, इस्त्रीचा सदरा घातलेला माणूसही रूड असू शकतो.

हा शेवटचा बदल आम्हाला फार मोलाचा वाटतो, आणि त्याचे कारण आमच्या घरातले आहे. आमचे वडील कुलाबा जिल्ह्यातील तेल्याच्या घरात जन्मले. घाण्याच्या करकरीत वाढले, मुंबईला येऊन शिकले, सरकारी कचेरीत पंचवीस वर्षे इंग्रजीतून टिपणे लिहिली. येथे आल्यावर त्यांना हिब्रू जेमतेम जमले. क्रियापद चुके, पुरुषाला स्त्रीलिंग लागे. एका कचेरीत टेबलामागच्या तरुणाने त्यांचे तुटके वाक्य ऐकून त्यांना विचारले, की तुमच्या देशात घरांना दारे-खिडक्या असतात काय. त्या काळी आशिया-आफ्रिकेतून आलेल्यांना ‘प्रिमिटिव्ही’ म्हणण्याची येथे सर्रास चाल होती. वडिलांनी शांतपणे उत्तर दिले, “असतात. आत येण्यापूर्वी आम्ही त्या दारावर टकटक करतो.” हिब्रू चुकलेच, पण उत्तर पोचले. त्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेल्यांपैकी रूड कोण होता? जुन्या अर्थाने वडील, कारण त्यांच्या हिब्रूला टाकी लागली नव्हती. नव्या अर्थाने तो तरुण.

शब्दाच्या सातशे वर्षांच्या प्रवासातून एवढे तरी शिकण्यासारखे आहे, की हे दोन अर्थ वेगवेगळे आहेत. एकेकाळी एकाच शब्दात ते कोंबले गेले, आणि त्यामुळे ज्याची भाषा खडबडीत त्याचे मनही खडबडीत, असा समज पक्का झाला. ज्यांनी म्हातारपणी देश बदलला, त्यांनी या समजाची किंमत मोजली आहे. आज मुले बदलली आहेत, पण समज बदललेला नाही. आपलीच नातवंडे कधी कधी आजी-आजोबांच्या मोडक्या वाक्यांवर हसतात. आणि कालपरवा आलेल्या दुसऱ्या कुणाच्या मोडक्या हिब्रूवर कदाचित आपणही हसतो.

नवगावच्या किनाऱ्याजवळ, परंपरा सांगते त्याप्रमाणे, फुटलेल्या गलबतातील आपल्या पूर्वजांना दोन ठिकाणी पुरले आहे, पुरुष एकीकडे आणि स्त्रिया दुसरीकडे. त्यांची नावे कोणत्याही दगडावर कोरलेली नव्हती. म्हणून ते कोण होते हे आपण विसरलो नाही.

असो. पुढच्या शब्बाथला नातीची ती मैत्रीण पुन्हा आली. आम्हाला वाटले होते, आजी आता ‘प्लीज’ शिकली असेल. पण त्या मुलीनेच ताट पुढे केले आणि म्हणाली, “आजी, टेक मोअर म्हणा ना.” तो शेवटचा ‘ना’ तिला आमच्या नातीने शिकविला होता.