गीतरामायण आणि घरातील वृद्ध श्रोता

कीर्तन आणि पुराण ही महाराष्ट्रातील वार्धक्याची पूर्वापार विश्रांतिस्थाने होत. तथापि देवळापर्यंत जाण्यास पायांत बळ लागे. ते सरले की वृद्धाचे श्रवणही बहुधा खुंटत असे. पुणे आकाशवाणी केंद्राने १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, आरंभिलेल्या गीतरामायणाचा विचार या दृष्टीने करण्याजोगा आहे.

केंद्रावरील सीताकांत लाड यांची कल्पना, ग. दि. माडगूळकरांचे काव्य व सुधीर फडके यांचे संगीत यांतून सुमारे वर्षभरात ५६ गीते प्रसृत झाली. आठवड्यास एक नवे गीत, आणि तेही ठरल्या वेळी, हा क्रमच निर्णायक होय. रेडिओसंचास हार घालून ऐकणाऱ्या घरांच्या आठवणी प्रसिद्ध आहेत. त्यांत केवळ भाबडेपणा पाहणे सोपे. वस्तुतः पुराणिकाच्या पोथीचा मान तेथे संचास मिळाला. (संच व त्याचा परवाना सर्वांस परवडत नसे, ही मर्यादा अर्थातच ध्यानी घ्यावयास हवी.)

कथा वृद्ध श्रोत्यास आधीच ज्ञात होती. त्यामुळे पुढील आठवड्यात कोणता प्रसंग यावा, कैकेयीस कवीने न्याय दिला की नाही, हे नातवंडांस सांगण्याचा अधिकार, इतर बाबतींत ज्याचे मत घरात फारसे विचारले जात नसे, त्याच्याकडे साहजिकच येई. सारे श्रेय सुरावटीस देणारे मत म्हणून अपुरे वाटते.

पुढे फडके यांचे गीतरामायणाचे कार्यक्रम सभागृहांतून गाजले. तेथे जाण्यास मात्र वृद्धास पुन्हा हात धरून नेणारे कोणीतरी लागले.