इंजिनावरचं छोटं चाक

जुन्या इंजिनाचा एखादा विचित्र भाग हाती आला की आपण लगेच विचारतो, याचं नाव काय? मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, यंत्रं कधी दुरुस्त केली नाहीत. तरी मला वाटतं, आधी विचारावं की ही वस्तू कोणाची कोणती अडचण दूर करत होती.

उदाहरण देतो. विहिरींवरची मोट गेली आणि तेलावरची इंजिनं आली. त्यांत इंग्लंडमधल्या डर्स्ले गावच्या लिस्टर कंपनीची इंजिनं नावाजलेली. पुढे १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स निघाली, राजकोटलाही लिस्टरच्या नमुन्यावर इंजिनं होऊ लागली. १९३० च्या सुमारास आलेल्या लिस्टरच्या डिझेल इंजिनात हेडच्या बाजूला एक छोटं हातचाक असे. पाहणाऱ्याला तो पाण्याचा कॉक वाटतो. पण त्यातून पाणी जात नाही. आत एक लहान पोकळी आहे. चाक आवळलं की ती बंद होते, सिलिंडरमधली हवा जास्त दाबली जाऊन जास्त तापते आणि गारठलेलं इंजिनही चालू होतं. मग लोड आला की चाक सैल करायचं, म्हणजे यंत्रावरचा ताण कमी होतो. बॅटरी नाही, वीज नाही, पहाटेची वेळ आणि हँडल मारणारा एकटा माणूस. निफाडची थंडी सोसलेल्यांना या चाकाची किंमत वेगळी सांगायला नको.

इतर भागही असेच बोलतात. जाड भिंतीचा पोकळ लोखंडी गोळा दिसला, तर ते इंजिन दिव्याने गोळा तापवून सुरू करत असणार. मिलिमीटरचा पाना नटाला नीट बसत नसेल, तर आटे बहुधा इंग्रजी व्हिटवर्थ मापाचे. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा.

नंतरच्या अनेक इंजिनांत ते चाक उरलं नाही. त्यामुळे तरुण फिटरला ते ओळखू येत नाही आणि भंगारवाल्याच्या काट्यावर ते किलोच्या भावाने जातं. त्याचा उपयोग जाणणारे हात आता थकले. त्यांचं ज्ञान पुस्तकात नाही, कारण लढायांच्या तारखा आपण पाठ करून घेतल्या, विहिरीवरच्या इंजिनाचं कोणी लिहून ठेवलं नाही.

म्हणून एक विनंती. गोठ्यात इंजिन पडलं असेल तर विकण्याआधी फोटो काढा, पट्टीवरचा नंबर उतरवून घ्या आणि ते चालवणारे आजोबा असतील तर त्यांच्याजवळ तासभर बसा. इंजिन गेलं तरी तेवढं घरात राहील.