बंद तारेवरही भरवसा नको

रविवारी जम्बोब्लॉक लागला की आम्ही विरारकर वैतागतो. पण त्या वेळात ओव्हरहेड वायरवर माणसं चढलेली असतात. बोरिवली-विरार लोकल १९३६ साली विजेवर धावू लागली, १५०० व्होल्ट डीसीवर. २०१२पर्यंत ती जाऊन २५,००० व्होल्ट एसी आली. एसीची खोड अशी, की शेजारच्या चालू तारेमुळे बंद तारेतही वीज उतरते. म्हणून नुसता पुरवठा तोडून भागत नाही. स्विचला कुलूप लावायचं, कामाच्या दोन्ही बाजूंना तार अर्थ करायची, लेखी परवाना हातात आल्यावरच चढायचं. माणसं उतरून तो परवाना सहीनिशी परत येईपर्यंत करंट सोडायचा नाही. कधी ब्लॉक लांबतो, तेव्हा लोकल त्या एका सहीसाठी थांबलेली असू शकते.